पंचेचाळीस बाय नव्वद

मी खोट काढायचं काम करते. माणसांमधली खोट फुकट काढते. पगार मिळतो तो कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमधली काढायचा. कॅबिनेट म्हणजे बाहेरचा पत्र्याचा डबा, ज्याला निम्मे लोक अजून सीपीयू म्हणतात आणि मी दरवेळी दातओठ खाते. सीपीयू आत असतो, बिस्किटाएवढा. डबा तो डबा. पण त्या डब्यात हवा नीट खेळली नाही तर आतलं महागडं सामान वर्षभरात भाजून निघतं, आणि पत्र्याची कड नीट दुमडलेली नसेल तर जोडणाऱ्याचं बोट चिरतं. हे कुणीतरी आधी बघावं लागतं. तुर्भ्याच्या एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीत ते मी बघते. कंपनी बाहेरून माल मागवून स्वतःच्या नावाने विकते. सगळा माल मागवायच्या आधी एक सॅम्पल येतं, ते चार तास माझ्या बेंचवर असतं, आणि मी हो म्हटल्याशिवाय कंटेनर हलत नाही. सुचिताच्या शब्दावर कंटेनर अडतो, ही गोष्ट सुचिताला फार आवडते. खोटं कशाला बोलू.

बावीस दिवसांपूर्वी माझं लग्न झालं आणि नेरूळच्या फ्लॅटमधून मी घणसोली गावात आले. सासऱ्यांचं घर तीन मजल्यांचं. खाली आणि वर भाडेकरू, मधल्या मजल्यावर आम्ही. शेजारचं घर इतकं जवळ, की स्वयंपाकघराच्या खिडकीतून हात बाहेर काढला तर त्यांच्या भिंतीला लागतो. आमच्या खोलीला एकच खिडकी. हवा एका बाजूने आत येते आणि बाहेर जायला वाट नाही म्हणून तिथेच बसून राहते. असं कॅबिनेट माझ्याकडे आलं असतं तर हवेच्या रकान्यात मी दहापैकी तीन लिहिले असते. माणसं मात्र चांगली. हे मी मुद्दाम आधी सांगते, कारण माणसं वाईट असती तर पुढचं काही झालंच नसतं.

माझी सुट्टी रविवारी संपणार होती. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी त्याविषयी चकार शब्द काढत नव्हतं. फक्त सासरे, गोटीरामदादा, एकदा जेवताना म्हणाले होते, "काम घरीच होत आसंल तर घरीच कर ना बाय. आमचा काय बोलना नाय." तेजसने, म्हणजे नवऱ्याने, लगेच वरणाची वाटी पुढे ओढली होती. त्याला नंतर खोलीत विचारलं तर म्हणाला, "अगं, ते असंच बोलतात. टेन्शन नको घेऊ. बघू ना." तेजसचं अर्धं आयुष्य 'बघू ना'वर चाललेलं आहे.

गुरुवारी रणजीत सरांचा फोन आला. रणजीत सर म्हणजे माझे साहेब. एक सॅम्पल अर्जंट होतं, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत ऑर्डर द्यायची की नाही ते कळवायचं होतं, आणि मागचं सॅम्पल माझ्या सुट्टीत ऑफिसातल्या कुंदनने बघितलं त्यात पॉवरचं बटण आत रुतून बसतं हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. "घरी पाठवतो. बघशील का? प्लीज," सर म्हणाले. मी एका श्वासात हो म्हटलं. मग ते म्हणाले, "सोमवारी तू येतेयस ना? नाही, कुंदन तुझ्या बेंचबद्दल विचारत होता. मला एकदा नक्की सांग."

फोन ठेवला आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला की मी स्वतःला कुठे नेऊन बसवलंय. सॅम्पल नीट तपासलं तर घरात सिद्ध होणार की काम घरी होतं. नीट नाही तपासलं तर सर बेंच कुंदनला देणार. दोन्हीकडून माझाच बेंच जाणार. मला तो बेंच हवा होता. कमरेएवढा उंच, वर पांढरा दिवा, डाव्या हाताला लोहचुंबकाची काठी, आणि दिवसाचे आठ तास कुणाचीच सून नसणं. रात्रभर विचार करून मी ठरवलं की काम उत्तम करायचं आणि शनिवारी सकाळी सासूबाईंना सरळ सांगायचं, सोमवारी मी ऑफिसला जाणार. भाषणसुद्धा तयार केलं. त्या ओरडल्या तर काय बोलायचं, रडल्या तर काय बोलायचं, सगळं.

शुक्रवारी शेजारच्या गल्लीत लग्न होतं आणि सकाळपासून तिकडून बॅन्जोचा आवाज येत होता. दादा मांडवात, तेजस ऐरोलीला कामावर. सासूबाई, पुतळाआई, अकराच्या सुमाराला लग्नघरी मदतीला निघाल्या. मला नेणार होत्या, पण मी कामाचं सांगितलं.

"कर, कर," त्या म्हणाल्या. "वरचे भाडेकरू सारखे पानी आला का विचाराला येतान. तुना तरास नको. मी भायेरशी कडी लावून जातंय."

कडी लागल्याचा आवाज झाला. त्रास होऊ नये म्हणून लावलेल्या कडीला काय बोलणार.

सकाळी ऑफिसच्या माणसाने आणून दिलेलं कॅबिनेट मी फरशीवरच मांडलं, कारण घरात टेबल नाही. डायनिंगचं नाही, लिहायचं नाही, कसलंच नाही. आम्ही खाली बसून जेवतो. कॅबिनेट काळं, उंच, अकरा किलोचं. एक बाजू पूर्ण काचेची, ती मी पहिल्यांदा काढून गादीला टेकवून ठेवली. समोर बारीक जाळी, तिच्यामागे तीन पंखे. जाळीच्या आतला धुळीचा पडदा चुंबकाने चिकटणारा. काढायला सोपा, लावायला त्याहून सोपा. शाबास. समोरचे सॉकेट वरच्या अंगाला, म्हणजे कॅबिनेट जमिनीवर ठेवलं तरी वाकावं लागत नाही. पत्रा जाड. सगळ्या कडांवरून मी बोट फिरवलं, एकही धारदार निघाली नाही. मागच्या बाजूला वायरी लपवायला दोन बोटं जागा, त्या बांधायला पट्ट्या. मी शोधून शोधून थकले. काही कॅबिनेट अशी येतात की मला स्वतःचाच राग यायला लागतो.

मग सोबत आलेलं सामान आत बसवलं, पंखे चालू केले आणि हवेची परीक्षा घेतली. ऑफिसात त्यासाठी धुराची छोटी बाटली असते. इथे देवघरातून दोन उदबत्त्या आणल्या आणि जाळीसमोर धरल्या. धूर सरळ आत गेला आणि वरून मागून बाहेर पडला, कुठे रेंगाळला नाही. हवेला दहापैकी नऊ.

राहिली तळाची पेटी. हल्ली सगळ्या कॅबिनेटमध्ये खाली एक पत्र्याची पेटी असते. वीज देणारा डबा आणि वायरींचा गुंता तिच्यात लपवतात, म्हणजे काचेतून सगळं नीटनेटकं दिसतं. इतर कॅबिनेटमध्ये ही पेटी मागून उघडी असते. यांनी ती मागूनही पत्रा लावून बंद केली होती, आणि स्क्रू नव्हते, ठोकून कायमचे बसवलेले रिव्हेट होते. म्हणजे आत जायचा एकच रस्ता, पेटीच्या छतातली वायरींची फट. मी मोजली. पंचेचाळीस मिलीमीटर बाय नव्वद. कागदावर लिहिली आणि पुढे गेले.

आणि मग माझ्या हातून एक स्क्रू निसटला. टिण्णकन वाजत त्या फटीतून पेटीत पडला.

ऑफिसात असते तर चुंबकाची काठी आत घातली असती आणि दहा सेकंदांत स्क्रू वर आला असता. पडलेला स्क्रू तसाच ठेवून वीज देता येत नाही. कुठे टेकला तर सगळं सामान जळेल. म्हणून मी उजवा हात घातला. पंचेचाळीस बाय नव्वदमध्ये माझा पंजा आडवा करून आरामात जातो. मनगटही जातं. विसरले ती एकच गोष्ट. बावीस दिवसांपूर्वी कासारणीने माझ्या उजव्या हातात अकरा हिरव्या बांगड्या भरल्या होत्या, आणि सव्वा महिना चुडा उतरवायचा नाही असं दोन्हीकडच्या बायकांनी बजावून सांगितलं होतं.

बांगड्या आत गेल्या कशा ते मला कळलंसुद्धा नाही. हात खाली सोडला, तशी एकेक बांगडी कलली आणि आपल्या वजनाने फटीतून खाली घसरली. मी स्क्रू चिमटीत पकडला, खूश झाले आणि हात वर ओढला. हात आला नाही. खाली गेलेल्या नऊ बांगड्या पंजाच्या मुळाशी गोळा झाल्या होत्या आणि सगळ्या एकदम आडव्या होऊन पत्र्याला अडल्या होत्या. स्क्रू सोडून दिला. पंजा चपटा केला. उजवीकडे वळवला, डावीकडे वळवला. काचेचा किणकिण आवाज झाला, बाकी काही झालं नाही. बारा वाजले होते.

पहिली दहा मिनिटं मी हुशारीने वागले. डाव्या हाताने फोन ओढून घेतला आणि सासूबाईंना लावला. तो आमच्याच स्वयंपाकघरात वाजला. मग तेजसला लावला.

"म्हणजे हात कुठे अडकलाय?"

"कॅबिनेटमध्ये. बांगड्यांमुळे. आणि आईंनी बाहेरून कडी लावलीय."

तो आधी हसला. मग म्हणाला, "अगं, मग तोड ना बांगड्या. सिंपल आहे."

"आईंना काय सांगू?"

"सांग, पडलीस म्हणून. यार, मी कॉलवर आहे. पाच मिनिटांत फोन करतो." पाच मिनिटांनी त्याचा फोन आला नाही.

बांगड्या फोडायच्या तर काय, जोरात हिसडा मारला असता तर फुटल्या असत्या. काच मनगटात घुसली असती, हे कारण तसं पुरेसं होतं. पण खरं कारण ते नव्हतं. मी हिसडा मारायला दंड ताठ केला आणि पुन्हा सैल सोडला. मी, जी पत्र्याच्या कडेवरून बेधडक बोट फिरवते, देवासमोरच्या उदबत्त्या पंख्यासमोर धरते, तिला हिरवी काच फोडवेना. कुणी बघत नव्हतं. सासूबाई नव्हत्या, आई नव्हती. अडवणारी मीच होते. तेव्हा मला स्वतःची जितकी चीड आली तितकी कधी आली नव्हती.

ओरडावं, तर खाली भाडेकरू होते. पण ते कडी काढून आत आले असते आणि त्यांच्यामागून लग्नघरातल्या बायका आल्या असत्या, आणि गोटीरामच्या नव्या सुनेचा हात डब्यात अडकला ही गोष्ट घणसोलीत मी म्हातारी होईपर्यंत सांगितली गेली असती. मी ओरडले नाही. कॅबिनेटला मिठी मारल्यासारखी बसून राहिले. पाठीला रग लागली, पाय बधिर झाले. बोटं सुजायला लागली, ती मला दिसत नव्हती पण कळत होती. बॅन्जो थांबला, जेवणावळ सुरू झाली असावी. एका खिडकीची ती हवा तशीच कोंडून राहिली. दीड वाजता सरांचा मेसेज आला. रिपोर्ट कधी? पाचला माणूस सॅम्पल न्यायला येईल. डाव्या हाताने मी टाइप केलं, पाठवते. मग मी थोडी रडले.

सव्वादोनला कडी निघाली. पुतळाआई हातात डबा घेऊन आल्या. लग्नघरचं जेवण माझ्यासाठी बांधून आणलं होतं. दारातच थांबून त्यांनी बघितलं. सुनेचा हात कोपरापर्यंत पत्र्यात, शेजारी काच, फरशीवर स्क्रू, उदबत्तीची राख. मी भाषण आठवायला लागले. ओरडल्या तर हे, रडल्या तर ते.

त्यांनी डबा खाली ठेवला, पदर खोचला आणि माझ्यासमोर बसल्या.

"कवाधरना?"

"बारा वाजल्यापासून."

"आनि वरडली नाय?" त्यांनी फटीत वाकून बघितलं. "बांगरी वाढली का यखादी?"

फुटली म्हणायचं नसतं, वाढली म्हणायचं. "नाही," मी म्हटलं.

"वोढते कला? वोढून कंदी हात निंगतो का? आत घाल आजून."

"अजून आत?"

"घाल मी सांगतंय ती."

मी हात आणखी आत ढकलला. दोन तास मी त्याच्या उलट दिशेला जीव काढत होते. हात आत गेला तशा पंजाला आवळून बसलेल्या बांगड्या सुटल्या आणि मनगटावर सैल झाल्या. आई उठल्या, खोबरेल तेलाची बाटली घेऊन आल्या. फटीच्या कडेने माझ्या मनगटावर तेल सोडलं. मग कॅबिनेट माझ्या हातासकट अलगद आडवं केलं. अकरा किलोचं धूड, पण काही आपटलं नाही. त्यांची दोन बोटं माझ्या मनगटाला लागून फटीत शिरली.

"हात मेल्यावानी सोड," त्या म्हणाल्या. "तू काय करू नको."

एक बांगडी त्यांच्या बोटांनी कलती झाली, पत्र्याच्या कडेवरून सरकली आणि बाहेर माझ्या कोपराकडे आली. मग दुसरी. घाई नाही. अडली की परत आत सोडायच्या आणि दुसऱ्या अंगाने कलवायच्या. बोलता बोलता चाललं होतं.

"खारीत चिंबोऱ्या पकराचो ना आमी. भोकात हात घालाचा, आखा, खांद्यापावत. चिंबोरी आत बसलेली आसते. लगीन झाल्यावर पयल्यांदा गेलू ती चुरा भरलेला. हात गेला आत आनि आला नाय. वर भरती चरते. पानी कमरंला आला."

"मग?"

"सासू व्हती संगती. ती चिखलात निजली माझ्या बाजूला. वोढू नको बोलली, आत घाल. आशीच यक यक बांगरी कारली तिनी." चौथी बांगडी बाहेर आली. "वरडली नाय का काय नाय. घरी आनला, कराईत पानी तापवला, हात शेकला माझा. तशी सासू मिलाला नशीब लागतंय."

"मग परत गेलात खाडीत, खेकडे पकडायला?"

"नाय."

"त्यांनी नको म्हटलं?"

"नाय गो. ती यका शब्दान बोलली नाय." पाचवी आणि सहावी एकत्र आल्या. "मनाच लाज वाटली. तिनी यवरा केला माझ्यासाठी, मंग मी कला परत जावा? बाकीच्या जायाच्या. मी घरी बसून तेंच्या चिंबोऱ्या साफ कराची." सातवीला त्यांना बराच वेळ लागला. "आजून खारी वारा सुटला का हाताला कलतंय. ह्या हाताला."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्या मला काही सुचवत होत्या का? नव्हत्या. गोष्ट सांगत होत्या, आणि ती त्यांना आवडत होती. आठवी आली, नववी आली. शेवटी पंजा उरला. त्यांनी माझा अंगठा आतल्या बाजूला दुमडला, तेल चोळलं आणि हात बाहेर काढला. लाल, सुजलेला, पत्र्याचे वळ उठलेला हात. अकराच्या अकरा बांगड्या शाबूत होत्या. माझा जीव भांड्यात पडला.

त्यांनी तो हात मांडीवर घेतला आणि चोळायला लागल्या. बोटाबोटातून, मनगटापासून वर. मला इतकं बरं वाटत होतं की पुन्हा रडू यायला लागलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. ओरडण्यावर माझ्याकडे उत्तर होतं.

"हापिसात बी आशीच यकटी करतंस?" त्यांनी विचारलं.

हीच वेळ होती. शनिवारची वाट कशाला बघायची. मी म्हटलं, "नाही आई. म्हणूनच ऑफिसात जावं लागतं. तिथे उंच टेबल असतं, वाकावं लागत नाही. वर मोठा दिवा असतो. पडलेलं उचलायला चुंबकाची काठी असते. आणि कुणीतरी दुसरं माणूस शेजारी असतं. घरी हे काम होण्यासारखं नाही."

त्यांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. मान हलवली. "बराबर हाय," त्या म्हणाल्या. "जेव आता."

मला वाटलं, झालं. इतकं सोपं होतं आणि मी रात्रभर जागले. जेवले, डाव्या हाताने. स्क्रू कॅबिनेट हलवून हलवून बाहेर काढला. मग रिपोर्ट लिहिला. हवा नऊ, पत्रा नऊ, धूळ आठ. आणि खाली लिहिलं, तळाची पेटी मागून रिव्हेट मारून बंद केली आहे. फटीतून हात आत जातो पण हातात काही असेल तर बाहेर येत नाही. मागचा पत्रा स्क्रूने लावून मिळत नाही तोवर ऑर्डर देऊ नये. पाचला माणूस येऊन सॅम्पल घेऊन गेला. साडेपाचला सरांचा फोन आला. कंटेनर थांबवला होता. "असा रिपोर्ट कुंदनच्या सात जन्मात होणार नाही," ते म्हणाले. सोमवारी भेटू असं म्हणणार होते बहुतेक, पण दुसरा फोन आला म्हणून त्यांनी ठेवला. मी बाहेरच्या खोलीतल्या पलंगावर आडवी झाले आणि मला झोप लागली.

जाग आली ती जिन्यातल्या आवाजाने. साडेसात झाले होते. बाहेर आले तर दादा आणि तेजस एक टेबल वर चढवत होते. खालची एक खोली मार्चपासून रिकामी होती, तिथे आधीचा भाडेकरू ते टाकून गेलेला. शिसवी, जड, चांगलं रुंद. दादांनी ते धुऊन पुसून घेतलं होतं. आमच्या खोलीत खिडकीपाशी जागा केलेली होती. माझी कपड्यांची पेटी आणि तेजसचं कपाट सरकवून दुसऱ्या भिंतीला लावलं होतं. मी झोपले असताना हे सगळं आवाज न करता झालं होतं.

"उंची बघ," दादा म्हणाले. "कमरंला येतंय का?"

येत होतं. तेजसने स्टुलावर चढून वर लांबलचक ट्यूब बसवली. खटका दाबला तसा टेबलावर पांढराशुभ्र उजेड पडला, कुठे सावली नाही. तो खाली उतरून हात झटकत म्हणाला, "बघ, झालं ना. उगाच टेन्शन घेत होतीस." आईंनी पदराआडून एक पुडी काढली. आत लोहचुंबकाची काठी होती, घडी होणारी, लांब होणारी. ऑफिसातल्यापेक्षा चांगली. स्टेशनजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात त्या स्वतः चालत गेल्या होत्या, लग्नघरचं काम टाकून.

"आनि दुसरा मानूस पायजे बोलली ना तू," त्या म्हणाल्या. तेजस ज्यावरून उतरला ते स्टूल त्यांनी टेबलाच्या बाजूला ओढलं आणि बसून दाखवलं. "मी हाय. तुना काय लागंल ती हातात देन."

तिघं माझ्याकडे बघत होते. मी टेबलापाशी गेले. सवयीने त्याच्या चारही कडांवरून बोट फिरवलं. गुळगुळीत होत्या. कोपरा धरून हलवला, टेबल डगमगलं नाही. डुगडुगणाऱ्या एका पायाखाली दादांनी रबराचा तुकडा आधीच घातला होता. खाली वाकून जोड बघितले. खण ओढला, तो बाहेर आला आणि सरळ आत गेला. मी खूप बघितलं. माझा हात ठणकत होता, आणि त्या टेबलात एकही खोट नव्हती.

"छान आहे," मी म्हटलं. तयार केलेल्या भाषणात या प्रसंगासाठी एक ओळ नव्हती. आनंद किती झाला होता आणि गुदमरत किती होते, हे मला वेगळं काढता येईना. आईंचा चेहरा इतका उजळला की मी त्यांच्याकडून नजर काढून घेतली.

तेवढ्यात फोन वाजला. सरांचा मेसेज होता. मंगळवारी अजून दोन सॅम्पल येतायत. सोमवारी जॉइन होतेस, की तुला घरूनच सोयीचं पडतंय? आज तर मस्त झालं. घरी असेल तर पत्ता नीट टाक, आज माणूस गल्ल्यांमध्ये फिरत राहिला. नसेल तर बेंच तुझा.

मी उभ्याउभ्या लिहायला लागले. अंगठा सुजलेला होता, अक्षरं चुकत होती, खोडून पुन्हा लिहावी लागत होती. दादा आणि तेजस हात धुवायला गेले. आई स्टुलावरून उठल्या नाहीत.

"कोनाला लिवतंस?" त्यांनी विचारलं.

"ऑफिसात."

"काय लिवला?"

"आपला पत्ता," मी म्हटलं आणि पाठवून दिलं.